आतल्या कव्हरवरचं अक्षर

३ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. आठही अंगं जमिनीला टेकवण्याचे दिवस गेले. हल्ली एकदा खाली गेलेला गुडघा वर यायला माणूस मागतो. तेव्हा नमस्कार कागदावरचाच गोड मानून घे.

इकडे ठीक आहे. तुझी भावजय दाढेशी भांडते आहे आणि दाढ जिंकते आहे. माझ्या संस्कृतच्या वर्गात यंदा सात विद्यार्थी आहेत. त्यातले दोघे वेळापत्रक चुकीचं वाचून आले आणि भिडस्तपणामुळे उठून जाऊ शकले नाहीत. मी त्या दोघांकडे बघून शिकवतो. उरलेले पाच स्वतःच्या इच्छेने आलेले, त्यांच्याबद्दल मला जरा संशयच आहे.

एव्हाना तू म्हणाली असशील, 'पंडिताचं मंगलाचरण आटपत नाही बाई.' आटपलं. तुझी रेकॉर्ड आली.

काल दुपारी मोठं चौकोनी खोकं दारात. रेकॉर्डवाल्याने दोन प्रती पाठवल्यात, एक तुझी आणि एक मध्यस्थाची म्हणून माझी. गेल्या वर्षी त्याने तुझा माग काढला तेव्हा 'मला ते इंग्रजी पत्रव्यवहार जमत नाहीत, माझ्या भावाला लिहा' म्हणून तू हात झटकलेस, त्याचं हे फळ. वरचं कव्हर जुन्यासारखंच नारिंगी, तुम्ही सहाजण कुठल्याशा जिन्यावर बसलेले. पाचांच्या केसांत पाखरांनी सुखाने संसार करावा. सहावी तू. अशी पँट घातली आहेस की तिच्या एका पायात माझा आजचा अख्खा मी मावेन.

बरोबर आठ पानांची पुस्तिका आहे. तीत लिहिलंय की तेहतीस वर्षांपूर्वी एका तळघरात वाजवलेलं हे फ्रेंच जॅझ-फंक तेव्हा जेमतेम चारशे लोकांनी घेतलं आणि आता जुन्या प्रतीसाठी लोक जीव टाकतात, म्हणून पुन्हा काढलं. फंक म्हणजे काय, हे मी तुला एकदा विचारलं होतं. 'ते डोक्याला कळत नाही, कमरेला कळतं,' म्हणालीस. माझी कंबर तेव्हापासून निरक्षरच राहिली.

तुझी प्रत मात्र लगेच धाडत नाही. टपालात कोपरे दुमडतात. शिवाय आधी माझी वाजवून बघतो, काही दोष असला तर तुझी बदलून घेता येईल. तोवर धीर धर.

आणखी एक, किरकोळ. रेकॉर्ड ज्या आतल्या कागदी कव्हरमध्ये असते त्याच्यावर रेकॉर्डवाल्याने काहीतरी नक्षी छापून ठेवली आहे. मला ती आवडली नाही. तुझी पाठवताना मी आत कोरं पांढरं कव्हर घालीन म्हणतो. चरेही कमी पडतात म्हणे.

प्रकृतीला जप. त्या शाळेचा पियानो तिसऱ्या मजल्यावर आहे ना अजून? त्यांना सांग, पुढच्या वेळी सूर लावून घ्यायचे असतील तर पियानो खाली आणा, तुला वर बोलावू नका.

तुझा,
पंडित


९ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप ताईस,

नमस्कार. काल फोनवर तू जे बोललीस त्याचं उत्तर लेखी देतो. फोनवर तू बोलतेस आणि मी 'अगं पण' म्हणतो, याला संवाद म्हणत नाहीत.

'काय रे, रेकॉर्ड पाठवतोयस की पाठ करतोयस?'

अगं पण.

'रविवारी तिघं येणारेत माझ्याकडे. दातांची डॉक्टरीण, शाळेच्या बाई आणि तो सुतार. तिघांचे पियानो मी वर्षानुवर्षं लावतेय. त्यांना वाटतं या बाईला नुसतं कान लावून खुंट्या पिळता येतात. ऐकू दे एकदा मेल्यांना. मी नवी सुई आणलीय पंडित, समजलं? सुई!'

समजलं. एवढ्या वर्षांत तू वाजवत होतीस हे तू कोणाला सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आता सांगावंसं वाटलं, हे ऐकून मला फार बरं वाटलं. आणि तेवढंच बरं वाटलं नाही. दोन्ही खरं आहे.

रेकॉर्ड ऐकली. दोन्ही बाजू, चारदा. दोष नाही. तुझा इलेक्ट्रिक पियानो दुसऱ्या तुकड्यात असा काही येतो, की बास गिटार आणि ड्रम दोघे मोठ्यांदा भांडत असावेत आणि तिसरी कोणी हसत हसत खोलीत यावी. मी खुर्चीतल्या खुर्चीत हललो. तुझ्या भावजयीने विचारलं, 'काय चावलं?'

पहिल्या बाजूवर तू आहेस. दुसऱ्या बाजूचा पहिला तुकडा, त्यातही आहेस. शेवटच्या दोन तुकड्यांत नाहीस. त्यातल्या एकात मधेच सगळं थांबतं आणि आठ आवर्तनं नुसता ड्रम चालू राहतो, तोही हळू, कोणाची तरी वाट बघितल्यासारखा. पुस्तिकेतले जाणकार म्हणतात, हा अवकाश म्हणजे या अल्बमचा आत्मा. ड्रमवाल्याने स्वतः मात्र चारच ओळी लिहिल्यात. त्या अशा, की तिथे आमच्या पियानोवालीची आठ आवर्तनं होती. वडील मरणाच्या दारात असल्याचं पत्र तिला आलं आणि ती त्याच दिवशी गेली. आम्ही चौदा आठवडे थांबलो. मग तिची जागा न भरता वाजवलं.

चौदा आठवडे, ताई. मला वाटलं होतं, आठवडाभरात दुसरा कोणी बसवला असेल त्यांनी.

अण्णा त्यानंतर एकोणीस वर्षं जगले, हे त्या भल्या माणसाला कोणी कळवलेलं दिसत नाही.

तुझी भावजय दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. दाढेमुळे असावं, असं मी धरून चाललो आहे.

रेकॉर्ड रविवारच्या आत पोचेल. नक्की पोचेल. आणखी थोडं लिहायचं होतं, पण आज उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत. सातच आहेत, हे तुला आठवेल. आठवू दे.

तुझा,
पंडित


१२ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र मी खोक्यात अगदी वर ठेवतो आहे. रेकॉर्ड बाहेर काढायच्या आधी हे वाच. माणसं आली असतील तर त्यांना बसू दे. तू आतल्या खोलीत जाऊन वाच.

गेल्या दोन पत्रांत मी तुला खोटं एकही वाक्य लिहिलं नाही. नक्षी म्हणालो, मूळव्याध झालेल्या माणसाने 'जरा बसायला त्रास होतो' म्हणावं तसं. दाढेचंही 'धरून चाललो आहे' एवढंच लिहिलं. असं वाक्य रचण्यात माझी हयात गेली. आता साधं लिहून बघतो.

पांढरं कव्हर मी आणलं होतं. त्यात तुझी रेकॉर्ड घातलीही होती. काढलेलं छापील कव्हर माझ्या टेबलाच्या खणात, उत्तरपत्रिकांखाली होतं. तुझी भावजय दाढेच्या गोळ्या शोधत तो खण उघडून बसली. मी वर्गावरून आलो तर ते तिच्या मांडीवर.

'अहो, ही नक्षी नाहीये. हे पत्र आहे. आपल्या भाषेत.'

मी म्हटलं, 'हं.'

'आणि हे अक्षर तुमचं आहे.'

'तेव्हाचं. आता इतकं चांगलं राहिलं नाही.'

'सही मामंजींची आहे.' मग तिने ते अख्खं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं, मला पाठ असताना. वाचून झाल्यावर विचारलं, 'हे ताईंना कधी मिळालं?'

'नाही मिळालं.'

'तुम्हाला हे छापलं जाणार हे कधीपासून माहीत होतं?'

'मार्च.'

ती उठली आणि गोळी घ्यायची विसरून आत गेली. दाढेमुळे नव्हतं ते.

आता सांगतो. अण्णांचं ऑपरेशन झालं तेव्हा तू तिकडे होतीस आणि घरात मी एकटा. त्यांचा हात थरथरायचा, त्यामुळे त्यांची सगळी पत्रं ते सांगत आणि मी लिहीत असे, खाली सही तेवढी त्यांची. तुला ठाऊकच आहे. ऑपरेशन मूळव्याधीचं होतं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे कोणीतरी जवळ हवं, जड उचलायचं नाही, इतकंच. आणि मला त्याच महिन्यात न्यायशास्त्र शिकायला गुरुजींकडे हजर व्हायचं होतं. त्या वर्षी ते एकच विद्यार्थी घेणार होते आणि तो मी होतो. तारीख चुकली तर दुसरा.

अण्णांनी तुला पत्र सांगितलं. मी लिहून घेतलं. त्यांनी सही केली आणि म्हणाले, 'आजच टाक, ती काळजी करत असेल.'

ते मी टाकलं नाही. त्याऐवजी दुसरं लिहिलं. 'अण्णांचं काही खरं नाही. डॉक्टरांनी आशा सोडली आहे. तुला बघायचं म्हणतात. सही करण्याइतकीही ताकद उरलेली नाही.' सही नव्हती, कारण त्या पत्राची त्यांना गंधवार्ता नव्हती. पण मी सही नसण्यालाच पुरावा केलं. वर्गात मुलांना मी नेहमी सांगतो, न्यायात हेतू, म्हणजे दिलेलं कारण, दुबळा असला की दृष्टान्त चांगला शोधावा. तो मी तेव्हाच शोधला होता.

मला सहा आठवडे हवे होते, ताई. फक्त सहा. मग तू परत जाशील असं मी मनाशी अगदी नीट मांडून ठेवलं होतं. तुझ्या तिथे राहण्याच्या परवान्याची मुदत संपते आहे आणि एकदा बाहेर पडलीस की तो पुन्हा मिळणार नाही, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर लिहिलं नसतं, असं आता लिहायला हात उचलतो, पण पुढे सरकत नाही.

तू आलीस तेव्हा दार अण्णांनीच उघडलं. स्वतःच्या पायांनी चालत येऊन. तुझी बॅग हातातून खाली पडली. ते म्हणाले, 'आलीस शेवटी,' आणि तोंड फिरवून आत गेले, कारण त्यांना रडू येत होतं आणि ते तुला दिसायला नको होतं. त्यांना वाटलं, येऊ नको असं बजावूनसुद्धा पोरगी जिवापाड धावत आली. तुला वाटलं, यांनी खोटं कळवून बोलावलं आणि वर उशीर झाला म्हणून सुनावताहेत. मी दोघांच्या मधे उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, 'ताई, पाणी आणू?'

चार दिवसांनी मी निघालो. अण्णांनी अंथरुणावरून विचारलं, 'तेव्हा ते पत्र टाकलं होतंस ना रे?' मी 'हो' म्हणालो. आणि ते 'हो' खोटं राहू नये म्हणून स्टेशनवरच्या पेटीत ते खरं पत्र टाकलं. तू घरात त्यांना औषध देत होतीस आणि मी तुझ्या नावाचं पत्र, जिथे तू आता नव्हतीस तिथे, रीतसर तिकीट लावून पाठवत होतो. न्यायशास्त्र शिकायला निघालेल्या माणसाला एवढ्यावर झोप लागते. फाडून टाकलं असतं तर कायमचा सुटलो असतो. पण अण्णांच्या सहीचा कागद फाडवेना. पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र पाकिटावर लिहिला नाही. विसरलो नव्हतो.

ते तिकडे पोचलं. ड्रमवाल्याने तुझ्या स्वरलेखनाच्या कागदांबरोबर टेपांच्या खोक्यात ठेवून दिलं. दुसऱ्याचं पत्र म्हणून तेहतीस वर्षं उघडलं नाही. रेकॉर्डवाल्याला खोकं मिळालं, त्याने उघडलं. मार्चमध्ये त्याने मला त्या कागदाचा फोटो धाडून विचारलं, किती देखणी लिपी, काय लिहिलंय, छापू का? 'छापू नका' म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. मी कळवलं, वडिलांचा आशीर्वाद आहे, घरगुती. मला वाटलं, घरगुती म्हटल्यावर नाद सोडेल. त्याला नेमकं घरगुतीच हवं होतं. फूटभर लांब, फूटभर रुंद छापलं. एक हजार प्रती. जगात हजार लोक ते कव्हर हातात घेऊन 'काय सुंदर आकार आहेत' म्हणतील. त्यातल्या कोणाला वाचता येणार नाही. एकीला येईल, आणि तिची प्रत माझ्या खणात होती.

अण्णा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तू त्यांच्या खोलीतली औषधं एका पिशवीत भरत होतीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, 'मरत नव्हते, तर बोलावलं कशाला? एवढं एकदा विचारायचं होतं मला त्यांना. एकोणीस वर्षं रोज विचारीन म्हटलं आणि रोज राहिलं.' मी म्हातारपण, एकटेपण, माया असलं काहीतरी बोललो. तत्सम शब्द फार वापरले, एवढं आठवतं. तू ऐकून घेतलंस. पिशवीचं तोंड बांधलंस. त्या दिवसापासून त्यांचा विषय निघाला की तुझा आवाज जरा सपाट होतो. तुझ्या कानांना दुसऱ्यांचे पियानो कळतात, स्वतःचा आवाज बहुधा कळत नसेल. मला कळतो. दरवेळी कळतो.

तू मला काय शिक्षा करावीस ते मी सुचवणार नाही. सुचवायला लागलो तर मला सोयीची सुचवीन. पण अण्णांवर तुझा जो राग आहे तो त्यांच्या वाट्याचा नाही, एवढं त्यांच्या शब्दांत तुला वाचता यावं म्हणून छापील कव्हर परत आत घातलं आहे. ते छापील आहे, चुरगळलं तर चुरगळू दे. मूळ कागद मी रेकॉर्डवाल्याकडे तुझ्या नावाने मागितला आहे. या वेळी त्याला खरं कारण कळवलं. तिसरा तुकडा वाजवायला लावून ते वाच. तो जरा लांब आहे, वाचून होईल.

मला राहवत नाही म्हणून चार ओळी इथेच उतरतो. लेखनिकाची सवय.

'बाळ, मूळव्याधीने आजवर कोणी मेलेलं ऐकलं नाही. लाजेने मेले असतील तर ठाऊक नाही. धाकटा घाबरट आहे, त्याने वेगळं काही लिहिलं तर मनावर घेऊ नकोस. तुम्ही जे काय वाजवता ते मला कळणार नाही, पण ते पुरं कर. अर्धवट टाकून आलीस तर मी दार उघडणार नाही.'

धाकट्याबद्दलची ती ओळ मी त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या तोंडून ऐकून, माझ्या हाताने लिहिली होती. तेव्हा फक्त हसू आलं होतं.

रविवारी मीही यावं असं तू फोनवर शेवटी म्हणाली होतीस. ते आमंत्रण हे वाचण्यापूर्वीचं, म्हणून धरत नाही. नंतर कधी, पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी, तुला वाटलं तर बोलाव. चार शब्द पुरे. मात्र ते तुझ्या हाताने लिही आणि खाली सही कर. तशा पत्रावर मी निघेन. आणि नाहीच आलं, तर का आलं नाही हे मी कोणाला विचारणार नाही.

कळावे. लोभाचं तू ठरव.

धाकटा